एकेचाळीस बरण्या

"एकेचाळीस?"

"एकेचाळीस."

"एकेचाळीसच्या एकेचाळीस बद्द?"

"बद्द वाजताहेत तर मी काय करू? खणखणीत आहेत म्हणून सर्टिफिकेट देऊ?"

"पुन्हा वाजवा."

"दोनदा वाजवल्या."

"तिसऱ्यांदा वाजवा. हातोडी काही झिजत नाही."

"मग तूच वाजव. ही घे."

"मला नका देऊ. मला मिरच्या कळतात, हातोडी तुम्हाला कळते. पण दोन दिवस गॅससमोर उभी राहून माझे पाय सुजलेत, आणि तुम्ही चहा व्हायच्या आत सगळं मोडीत काढताय. मी सांगते, चाळीस तरी चांगल्या आहेत."

"चाळीस? हा आकडा कुठून काढलास?"

मामींनी टेबलावरचा फडका उचलला, झटकला आणि होता तिथेच परत ठेवला.

"बघ," हातोडीमामा म्हणाले, "नुसतं अंदाजपंचे."

टेबलावर जुना टॉवेल अंथरलेला होता आणि त्यावर काचेच्या बरण्या कवायतीला उभ्या केल्यासारख्या ओळीने मांडल्या होत्या. आत लाल ढोबळी मिरची. भाजून, सोलून, बोटभर रुंद पट्ट्या काढून, व्हिनेगर, मीठ आणि चिमूटभर साखरेच्या पाण्यात बुडवलेली. खिडकीतून सकाळचं ऊन आत आलं होतं आणि पहिल्या ओळीतल्या बरण्या आतून दिवा लावल्यासारख्या दिसत होत्या. इतका देखणा माल नापास करताना माणसाला जरा तरी वाईट वाटावं. हातोडीमामांना वाटत होतं, पण नियम म्हणजे नियम.

नियम त्यांचाच होता. बरणी थंड झाली की झाकण आत ओढलं जातं आणि घट्ट बसतं. बसलेल्या झाकणावर हातोडी टेकवली की बारीक, लांब, टिंग असा आवाज येतो. न बसलेलं झाकण बद्द वाजतं. बद्द वाजलेली बरणी त्याच दिवशी उघडायची आणि नव्या झाकणाने पुन्हा उकळायची. एक-दोन बरण्यांचं काही वाटत नाही. पण एकदा शिजलेली मिरची पुन्हा अर्धा तास उकळली की तिची पट्टी राहत नाही, लगदा होतो. एकेचाळीस बरण्या लगदा म्हणजे सगळा हिवाळा लगदा.

हातोडीमामा हे नाव इमारतीने ठेवलेलं. सदतीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या यार्डात चाकं वाजवली. गाडी येऊन उभी राहिली की हे लांब दांड्याची हातोडी घेऊन शेवटच्या डब्यापासून निघायचे आणि प्रत्येक चाकाला एक टोला देत इंजिनापर्यंत चालत जायचे. चांगलं चाक घंटेसारखं बोलतं. तडा गेलेलं चाक घसा बसल्यासारखं बोलतं. डोळ्यांना न दिसणारा केसाएवढा तडा त्यांच्या कानाला दिसायचा. निवृत्तीच्या दिवशी लांब हातोडी जमा करावी लागली, पण वर्कशॉपातल्या मित्रांनी चमच्याएवढी एक छोटी हातोडी घडवून हातात दिली. "घरी बसून करमणार नाही तुला," ते म्हणाले होते.

नाहीच करमलं. पहिले तीन महिने त्यांनी घरातले कप वाजवले, बादली वाजवली, नळ वाजवला. शेवटी मामी म्हणाल्या, "आता माझं डोकं तेवढं राहिलंय, तेही वाजवून घ्या." त्याच वर्षी थंडीच्या तोंडावर मामींनी नेहमीप्रमाणे मिरचीच्या बरण्या भरून टेबलावर निवायला ठेवल्या. मामा शेजारी पेपर वाचत बसलेले. अचानक टेबलावरून आवाज आला. टिंग. मामांनी पेपर खाली ठेवला.

"हे कोण बोललं?"

"झाकण. बसलं ते."

"सगळी बोलतात?"

"बोलत असतील. मी कुठे ऐकत बसते? मी सकाळी अंगठ्याने दाबून बघते."

"अंगठ्याने?" मामांनी असा चेहरा केला की जणू मामी चाकाचा वास घेऊन तडा ओळखतात. मग त्यांनी आतून छोटी हातोडी आणली.

त्याआधी दरवर्षी दोन-तीन बरण्यांना बुरशी लागायची. त्यानंतरच्या अकरा वर्षांत एकीलाही लागली नाही. ही बातमी जिन्यावरून वर-खाली गेली. आता इमारतीतलं जे कोणी मिरची, टोमॅटो, काहीही भरून ठेवायचं, ते पेटी उचलून मामांकडे यायचं. मामा हातोडी घेऊन बसायचे, कान तिरका करायचे, आणि खोलीत कोणी खोकायचंही नाही.

बरण्या निवत ठेवायच्या संध्याकाळी मामा टेबलाशेजारी आपल्या खुर्चीत बसायचे आणि झाकणं बोलतील तशी मोठ्याने मोजायचे. पाच. सहा. ही जाड आवाजाची बघ, सात. हा त्यांचा वर्षाचा सगळ्यात आवडता कार्यक्रम.

काल संध्याकाळी ते दोन तास बसले होते. एकही झाकण बोललं नाही.

मामी समोर घेवड्याच्या दाण्यांचं ताट घेऊन निवडत बसल्या होत्या. मधूनच एखादा दाणा उचलून एप्रनच्या खिशात टाकायच्या. किडके दाणे फार निघाले वाटतं यंदा, मामांच्या मनात आलं. यंदा सगळंच तसं. किटलीची शिट्टी बिघडली म्हणून मामींनी उन्हाळ्यातच काढून टाकली, तेव्हापासून किटली नुसती बोडकी. दारावरची किणकिण वाजणारी छान घंटा जाऊन भुंग्यासारखी घरघरणारी घंटा आली, का, तर म्हणे स्वस्तात मिळाली. चिमण्या तर गॅलरी सोडूनच गेल्या. मामी तरी रोज सकाळी पावाचा चुरा टाकतात. "कोणासाठी टाकतेस?" विचारलं तर म्हणतात, "येतात."

त्यामुळे सकाळी हातोडी हातात घेतली तेव्हा निकाल अर्धा तयारच होता.

"झाकणांचा घोळ आहे," मामा आता म्हणाले. "नव्या दुकानातून आणलीस ना? पत्रा हलका आहे."

"त्याच दुकानातून आणली. तुम्हीच पिशवी धरून उभे होतात."

"मग व्हिनेगर."

"व्हिनेगर झाकणाला काय करणार?"

"मला काय माहीत? मी चाकं बघणारा माणूस."

"बरं," मामी म्हणाल्या. त्यांनी ओट्याखालचं मोठं पातेलं ओढून काढलं, नळाखाली धरलं आणि अर्धं भरून गॅसवर ठेवलं. मग पहिल्या बरणीच्या झाकणावर हात ठेवला आणि मामांकडे बघितलं. "उघडू?"

मामांनी तोंड उघडलं. तेवढ्यात दारावरचा भुंगा घरघरला.

खालच्या मजल्यावरची पोस्टातली होती. काउंटरवर बसून दिवसभर शिक्के मारणारी, तिशीची, खांद्याने दार ढकलत आत येणारी. हातात लाकडी पेटी, पेटीत बारा बरण्या.

"मामा, बारा रजिस्टर पार्सलं आहेत. तपासून पोच द्या. मला पाऊण तासात काउंटरवर बसायचंय." मग टेबलाकडे बघून, "अगंबाई मामी, किती सुंदर दिसताहेत. सगळ्या पास?"

मामींनी पातेल्याखालचा गॅस बारीक केला. "चाललंय अजून," म्हणाल्या.

मामांनी पेटी पुढे ओढली. मनातून त्यांना जरा बरंच वाटलं. चार चांगल्या बरण्या वाजवल्या की मामींना फरक ऐकवता येईल. पोस्टातलीची मिरची तिच्या भावाच्या परसातली. झाकणं पिवळी, वेगळ्याच दुकानातली. व्हिनेगरही सफरचंदाचं. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

त्यांनी पहिली वाजवली. ठप्.

दुसरी. ठप्.

तिसरीला हातोडी जरा जोरात लागली. ठप्.

चौथीवर हातोडी टेकवण्याआधी ते थांबले. आणि का कोण जाणे, त्यांना तो धुक्याचा दिवस आठवला.

नोकरीचा पहिलाच आठवडा. पहाटेची अशी थंडी की हातोडीचा दांडा धरवत नव्हता. आईने विणलेली लोकरीची टोपी त्यांनी कानांवरून पार हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती. मालगाडी आली, त्यांनी सोळा चाकं वाजवली, आणि धावत जाऊन मुकादमांना सांगितलं की सोळाच्या सोळा चाकांना तडे आहेत, गाडी थांबवा. मुकादम चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला नाही, घाई केली नाही. दुसऱ्या हाताने यांची टोपी डोक्यावरून उचलली आणि म्हणाले, "आता जा, पुन्हा वाजव." सगळं यार्ड महिनाभर त्यांना टोपीवाले साहेब म्हणत होतं. हा किस्सा मामांनी मामींना लग्नानंतर इतक्या वेळा सांगितला होता की हसण्याची जागा दोघांनाही पाठ होती.

आत्ता, स्वतःच्या स्वयंपाकघरात, मामांचा डावा हात आपोआप डोक्याकडे गेला.

टोपी नव्हती.

"काय झालं मामा? वाईट बातमी आहे का?" पोस्टातलीने विचारलं.

अकरा वर्षं ज्या खुर्चीत मामा राजासारखे बसत आले, ती खुर्ची अचानक उंच झाल्यासारखी वाटली. आता हिला काय सांगायचं? तुझ्याही बारा बद्द? ही हसत जिना उतरेल, आणि संध्याकाळपर्यंत चारही मजले विचारतील की मामांना झालंय काय. नाहीतर खोटंच सांगायचं, सगळ्या पास? आणि जानेवारीत एखादी बुरशीने पांढरी निघाली की मग?

"काही बातमी नाही," मामी मध्येच म्हणाल्या. "त्यांचा चहा झालेला नाही अजून. रिकाम्यापोटी ते सगळ्यांनाच नापास करतात. सकाळपासून माझ्या मागे लागलेत. तू जा, तयार होऊन ये, तोवर मी यांच्या पोटात काहीतरी घालते."

"चहा नाही? मग बरोबर. आमचे पोस्टमास्तरही असेच." ती हसत गेली.

दार बंद झालं. पातेल्यातलं पाणी बुडबुडायला लागलं होतं. मामींनी गॅस बंद केला.

मामांनी हातोडी टेबलावर ठेवली.

"झाकणं चांगली आहेत," मामा शेवटी म्हणाले.

"हो ना."

"पत्राही हलका नाही."

"नाही."

मामींनी आणखी काही विचारलं नाही, आणि तेच मामांना जास्त जड गेलं. काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी पोस्टातलीच्या पिवळ्या आणि आपल्या लाल झाकणांच्या बरण्या वेगळ्या करायला घेतल्या. एक बरणी त्यांनी दोन्ही तळहातांत धरून उचलली. मामी चहात साखर ढवळत होत्या. त्यांनी ओला चमचा त्याच बरणीच्या झाकणावर टकटक करून झटकला.

मामा जागच्या जागी थांबले.

"पुन्हा कर."

"काय करू?"

"चमचा. मार पुन्हा."

मामींनी मारला. मामांच्या तळहातांत काचेतून काहीतरी सरसरत गेलं, मुंगी धावल्यासारखं. बारीक, आणि चांगलं लांबपर्यंत.

"आता ही धरतो. मार." सरसर. "आता ही." सरसर. "बाई गं," मामा म्हणाले, "अगं, वाऱ्याच्या दिवशी आम्ही असंच करायचो."

"कोणत्या वाऱ्याच्या?"

"यार्डात वारा सुटला की आवाज उडून जायचा. मग दांडा सैल धरायचा, नुसता बोटांत. चांगल्या चाकावरून हातोडी उडते, हाताला कळतं. तडा गेलेल्यावर ती बसते. चिखलात पाय पडल्यासारखी. सगळं विसरलो होतो बघ मी."

त्यांनी छोटी हातोडी घेतली, दोन बोटांत लोंबती धरली, डावा तळहात बरणीच्या पोटाला लावला आणि डोळे मिटले. टोला. हातोडी उडाली. तळहातात मुंगी धावली.

"पास," ते म्हणाले.

मामींनी ती बरणी बाजूला सरकवली. दुसरी. पास. तिसरी. पास. दहाव्या बरणीपर्यंत मामांची पाठ ताठ झाली होती, विसाव्या बरणीला त्यांनी चहा मागितला, आणि सव्विसाव्या बरणीला ते मामींना म्हणाले, "जरा पटपट सरकव, गाडी सुटायची वेळ झाली."

"सरकवतेय ना, साहेब."

सत्ताविसावी. टोला. हातोडी उडाली नाही. झाकणावर बसली. तळहाताला काही नाही. मामांनी पुन्हा मारून बघितलं. काही नाही.

"ही गेली," मामा डोळे न उघडता म्हणाले.

मामींनी बरणी उचलून उजेडात धरली, फिरवली. झाकणाच्या काठाखाली मिरचीचा दोऱ्याएवढा लाल तुकडा अडकला होता. त्यांनी तो नखाने दाखवला.

"बरण्यांचे काठ पुसायचं काम कोणाकडे होतं?" त्यांनी विचारलं.

मामांनी अठ्ठाविसावी बरणी पुढे ओढली. "बोलण्यात वेळ घालवू नकोस."

पुढच्या चौदाही पास झाल्या.

पोस्टातली कामावर जायचे कपडे करून आली तेव्हा मामा तिच्या बारा बरण्या समोर मांडून तयारच बसले होते. आज त्यांनी नेहमीपेक्षा जरा जास्तच थाट केला. बाही दुमडली. हातोडी दोन बोटांत धरली. डोळे मिटले.

"मामा, डोळे का मिटता आज?"

"वाऱ्याच्या दिवसाची पद्धत आहे."

"वारा कुठेय?"

"तू आलीस ना, एवढी पेटी घेऊन धावत," मामा म्हणाले. मामींना खुदकन हसू आलं.

बाराही पास. पोस्टातलीने टेबलावर मूठ आपटून बारा वेळा शिक्का मारल्याचं नाटक केलं, नेहमीच्या रिवाजाप्रमाणे एक बरणी मामांसाठी काढून ठेवली आणि पेटी घेऊन गेली. जिन्यात तिचा आवाज ऐकू येत होता, कोणाला तरी सांगत होती की मामांनी बाराच्या बारा पास केल्या, पोस्टाचा निकाल शंभर टक्के.

नापास बरणी मामींनी उघडली. एका रात्रीत तिला काही झालं नव्हतं, फक्त तिला हिवाळ्यापर्यंत थांबता येणार नव्हतं. त्यांनी तवा तापवला, मिरचीच्या चार पट्ट्या परतल्या, वर अंडी फोडली आणि पाव भाजला. मिरचीची कड थोडी जळली आणि तिचा गोड, धुरकट वास घरभर पसरला. दोघांनी तव्यातूनच खाल्लं. मामा म्हणाले की पास झालेल्या बरण्यांपेक्षा हीच चांगली लागतेय. मामी म्हणाल्या, मग पुढच्या वर्षी सगळ्याच बरण्यांचे काठ तुम्ही पुसा.

"चाळीस जिवंत," मामा पावाने तवा पुसत म्हणाले. "आणि सकाळी तू काय म्हणालीस? चाळीस. काय अंदाज आहे तुझा. म्हणजे लागतो कधी कधी."

मामींनी उरलेला पावाचा चुरा मुठीत घेतला आणि खिडकीच्या कठड्यावर टाकला. लगेच एक चिमणी येऊन बसली. मग दुसरी. पहिलीने मान वर केली, चोच उघडली, आणि तिचा गळा भराभर थरथरायला लागला. मामा बघत राहिले. चिमणीची चोच उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. खिडकी सताड उघडी होती. हातभर अंतरावर चिमणी काहीतरी घसा फोडून सांगत होती, आणि खोलीत शांतता होती.

मामी एप्रन सोडत होत्या. घडी घालण्याआधी त्यांनी खिसा टेबलावर उलटा केला. घेवड्याचे दाणे टपटप पडले, आणि त्यांच्यावर एक घडी घातलेली चिठ्ठी.

"कालचे किडके ना हे?" मामांनी विचारलं.

"एकही किडका नाही. मोजा."

मामांनी बोटाने एक एक दाणा बाजूला सारत मोजले. सावकाश, मनातल्या मनात. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. मग त्यांनी पुन्हा मोजले. काल संध्याकाळी समोर बसून मामी एक एक दाणा खिशात टाकत होत्या, कधी लागोपाठ दोन, कधी बऱ्याच वेळाने एक.

त्यांनी चिठ्ठी उलगडली. गुरुवार, सकाळी दहा, कानाचे डॉक्टर. खाली नंबर लावल्याची तारीख होती, मागच्या महिन्यातली.

मामांनी ओट्यावरच्या बोडक्या किटलीकडे बघितलं. दारावरच्या भुंग्याकडे बघितलं. कठड्यावरच्या चिमणीकडे बघितलं, जिचं अजून संपलं नव्हतं. मग त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात, हातोडीच्या शेजारी, नीट ठेवली.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

मामींनी कोपऱ्यातली मिरचीच्या काळ्या सालींची बादली उचलली. दार पायाने ढकललं, मामांकडे एकदा बघितलं आणि जिना उतरायला लागल्या.